‘कुठले तुम्ही?’ : ब्लॉगवरचं ‘माझ्याविषयी’ पान लिहिताना

एसटीत शेजारी बसलेला माणूस तिकीट काढून झालं की विचारतो, ‘‘कुठले तुम्ही?’’ त्याला तुमचा बायोडेटा नको असतो. पुढचे दोन तास आपण कोणाशी बोलणार आहोत, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. गाव सांगितलं की गप्पा सुरू होतात.

ब्लॉगवरचं ‘माझ्याविषयी’ हे पान म्हणजे याच प्रश्नाचं उत्तर. वाचक त्या पानावर थेट येत नाही. कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवरून किंवा गुगलवर काही शोधताना तो तुमच्या एखाद्या लेखावर पोचतो. लेख आवडतो, पटत नाही किंवा शंका येते, आणि मग बोट वरच्या मेनूकडे जातं: हे लिहिणारं आहे तरी कोण? म्हणजे तो येतो तेव्हा अर्धं बोलणं झालेलं असतं. या पानावर शाळेच्या दाखल्यापासून सुरुवात केली, तर तो दुसऱ्या परिच्छेदाच्या आधीच उठून जातो.

आपल्याकडे ही रीत फार जुनी आहे. पोथीच्या शेवटी पुष्पिका असायची: कोणी, कधी, कुठे, कोणासाठी लिहिलं. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या ओव्या पाहा. गोदावरीचा दक्षिण काठ, राज्य रामचंद्र यादवाचं, मागची गुरुपरंपरा, शके १२१२, टीका करणारे ज्ञानेश्वर आणि ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. ठिकाण, काळ, परंपरा, श्रेय, सगळं मोजक्या ओव्यांत आलं. छंदांची यादी तिथे नाही.

आधी कागदावर पाच उत्तरं

थेट संगणकावर लिहायला बसू नका. पाठकोऱ्या कागदावर पाच प्रश्नांची एकेका ओळीत उत्तरं लिहा.

१. वाचक कोणत्या लेखावरून इथे येणार? अंदाज करू नका. ब्लॉगरवर (गुगलच्या ब्लॉग-सेवेवर) ‘स्टॅट्स’मध्ये आणि वर्डप्रेसवर आकडेवारीच्या पानावर सर्वांत जास्त वाचलेले तीन लेख पाहा. ते तिन्ही बारवांवरचे, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवरचे असतील आणि तुमचं पान ‘मी मुळात कवी’ असं सुरू होत असेल, तर वाचकाला चुकीच्या दारात आल्यासारखं वाटतं.

२. या विषयाशी तुमचा संबंध काय? पदवी असलीच पाहिजे असं नाही. ‘बारा वर्षं हेच करतोय’ हाही संबंध, आणि ‘गेल्या वर्षीच शिकायला लागलोय’ हासुद्धा. मात्र जो असेल तो सांगा.

३. इथे काय मिळेल आणि काय मिळणार नाही? यातला दुसरा भाग बहुतेक जण गाळतात आणि मग नको त्या विचारणांना उत्तरं देत बसतात.

४. नवं लिखाण किती दिवसांनी येतं?

५. बोलायचं असेल तर कुठे गाठायचं?

नवा ब्लॉग असेल आणि अजून तीन लेखच झाले नसतील, तर हे पान लिहायची घाई करू नका. दोन ओळी टाकून ठेवा. आठ-दहा लेख झाल्यावर आपण नेमकं काय लिहितो हे आपल्यालाच कळतं, आणि ते सुरुवातीला ठरवलेलं सहसा नसतंच.

पहिले पन्नास शब्द

सगळं पान तीनशे शब्दांच्या आत बसलं तर उत्तम. त्यातही पहिले चाळीस-पन्नास शब्द महत्त्वाचे. फोनवर खाली न सरकवता तेवढंच दिसतं. पानाचं वर्णन वेगळं दिलं नसेल, तर लिंक पाठवल्यावर व्हॉट्सॲपच्या चौकोनातही बहुधा तिथलीच पहिली ओळ उमटते.

आता मराठी ब्लॉगांवर हमखास भेटणारा मजकूर पाहा:

‘नमस्कार! मी एक सर्वसामान्य मराठी माणूस. लहानपणापासूनच वाचनाची आवड. मनात येईल ते इथे खरडतो. गोड मानून घ्यावे. आपल्या प्रतिक्रियांचे स्वागत आहे.’

यात चुकीचं काही नाही, पण हा मजकूर उचलून दुसऱ्या कोणत्याही ब्लॉगवर चिकटवला तरी चालेल, हीच त्याची अडचण आहे. ‘सर्वसामान्य’ म्हणण्यात नम्रता आहे, माहिती नाही. ‘खरडतो’ म्हटलं की वाचक मनात म्हणतो, मग मी का वाचू? आणि वाचनाची आवड तर ब्लॉग लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला असतेच.

हाच माणूस जुन्या बारवांवर लिहितो असं धरा. त्याचंच पान पुन्हा लिहू:

‘मी पाणीपुरवठ्याच्या कामातला अभियंता. २०११ पासून सुट्टीच्या दिवशी सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या जुन्या बारवा पाहत फिरतो. इथे प्रत्येक बारवेच्या पायऱ्या किती, पाणी सध्या आहे की नाही आणि तिथवर गाडी जाते का, हे लिहितो. इतिहासाचा अभ्यासक नाही. काळ ठरवण्याच्या फंदात पडत नाही.’

शब्द चाळीस-पन्नासच्या घरातच राहिले. पण आता माणूस दिसतो. तो पायऱ्या मोजतो हे कळलं, त्यामुळे त्याच्या आकड्यांवर विश्वास बसतो. शेवटचं वाक्य तर सर्वांत मोलाचं. ‘ही बारव यादवकालीन आहे का?’ अशी पृच्छा करणारा ते वाचून थांबेल, आणि बाकीच्या गोष्टींवर त्याचा भरवसा वाढेल. आपली हद्द सांगणाऱ्याचं हद्दीतलं बोलणं माणसं जास्त मनावर घेतात.

मजकूर बरोबर जमलाय का हे ओळखायची सोपी खूण आहे. तुमचं नाव झाका आणि तो मजकूर दुसऱ्याच कोणाच्या तरी ब्लॉगवर आहे असं समजून वाचा. तिथेही खपला तर परत लिहा.

मधला मजकूर : पद्धत, वाटा, श्रेय

सुरुवातीनंतर दीड-दोनशे शब्दांची जागा उरते. ती जन्मापासूनच्या इतिहासाला देऊ नका. तीन गोष्टींना द्या.

पहिली, तुम्ही काम कसं करता. पाककृती लिहीत असाल तर ‘वाटी’ म्हणजे किती मिलिलिटर, पदार्थ किती वेळा करून पाहून मग लिहिता. पुस्तकांवर लिहीत असाल तर प्रकाशकाकडून भेट आलेली प्रत की विकत घेतलेली, हे सांगून टाका. शेअर बाजारावर लिहीत असाल तर तुम्ही बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदणी केलेले सल्लागार आहात की नाही, हे या पानावर स्वच्छ लिहिलंच पाहिजे.

दुसरी, वाचकाने पुढे कुठे जावं. ‘इथून सुरुवात करा’ म्हणून तीन ते पाच लेखांच्या लिंका द्या आणि प्रत्येकापुढे अर्धी ओळ लिहा. दहा-बारा दिल्या तर कोणी एकही उघडत नाही. निवडताना स्वतःचे लाडके लेख नकोत. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात जे लेख निघाले त्यांचे सख्खे शेजारी निवडा.

तिसरी, श्रेय. फोटो कोणाचे, नकाशे कुठून, शुद्धलेखन कोण तपासतं, ब्लॉगचं चित्र कोणी काढलं. सच्चिदानंदबाबांचं नाव आजवर टिकलं ते यामुळेच.

घरच्या गोष्टी लिहाव्यात का? एखादी जरूर लिहा, पण ती विषयाला चिकटलेली असावी. ‘आजोळी परड्यात बारव होती, तिच्यात पोहायला शिकलो’ हे वाचायला कोणालाही आवडेल. ‘एक मुलगा, एक मुलगी, पत्नी गृहिणी’ हे लग्नाच्या स्थळासाठी ठेवा.

‘मी’ की ‘ते’?

व्यक्तिगत ब्लॉगवर ‘मी’च हवा. ‘श्री. अमुक हे गेली अनेक वर्षे सातत्याने लेखन करीत असून त्यांच्या लेखणीने...’ असं स्वतःच्याच ब्लॉगवर वाचलं की प्रमुख पाहुण्यांची ओळख करून दिल्यासारखं वाटतं, आणि निवेदकाच्या हातातला कागद पाहुण्यांनीच लिहून दिलाय हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक असतं. ‘अस्मादिक’ आणि ‘सदर लेखक’ हेही टाळा. एकदा गंमत वाटते, दुसऱ्यांदा वैताग येतो.

तरीही ‘ते’ किंवा ‘त्या’ वापरलेली, चाळीस ते साठ शब्दांची एक ओळख वेगळी तयार ठेवा. दिवाळी अंकाचे संपादक आणि कार्यक्रमाचे आयोजक ती मागतातच, तीही आदल्या रात्री. याच पानाच्या तळाशी ‘छापण्यासाठी छोटी ओळख’ अशा मथळ्याखाली ठेवली, तर ते तिथूनच उचलतील आणि तुमच्या गावाचं नाव चुकीचं छापून येण्याची शक्यता कमी होईल.

भाषेचा बाज लेखांसारखाच ठेवा. लेखांत ‘केलं, गेलं’ लिहिणारे अनेक जण या पानावर येताच ‘केले आहे, सदर, तद्वतच’ करू लागतात. वाचक नुकताच लेख वाचून आलाय. त्याला हा दुसराच माणूस वाटतो.

नाव, टोपणनाव, आडनाव

खरं नाव द्यायलाच हवं असा नियम नाही. टोपणनावाची मराठीत चांगली परंपरा आहे. राम गणेश गडकऱ्यांनी कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिल्या आणि विनोद ‘बाळकराम’ या नावाने. दोन तऱ्हांचं लिखाण दोन नावांखाली ठेवायचा हा मार्ग आजही उपयोगी आहे, विशेषतः सरकारी नोकरीत असलेल्यांना, डॉक्टरांना आणि शिक्षकांना. फक्त टोपणनाव घेतलं तर बाकीची माहिती जास्त नेमकी हवी. नावही नाही आणि काम काय तेही नाही, अशा पानावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आडनावाचंही तसंच. आपल्याकडे ‘कुठले तुम्ही?’च्या मागोमाग ‘आडनाव काय?’ येतं आणि ते नेहमी निव्वळ कुतूहलापोटी येत नाही. नुसतं पहिलं नाव दिलं तरी पान पुरं होतं. ज्याला तेवढ्याने चैन पडत नाही, त्याची सोय बघायची गरज नाही.

काय लिहू नये

इथे थोडं कडक राहा. पूर्ण जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, पहिल्या शाळेचं नाव, पाळीव कुत्र्याचं नाव ही माहिती निरुपद्रवी वाटते, पण बँका आणि ईमेल कंपन्या ‘सुरक्षा प्रश्न’ म्हणून नेमकं हेच विचारत आल्या आहेत. मोबाइल नंबर तर नकोच. तो बँकेला, आधारला आणि यूपीआयला जोडलेला असतो, आणि एकदा वेबवर गेला की परत घेता येत नाही.

संपर्कासाठी ब्लॉगपुरता वेगळा ईमेल काढा. तो पानावर जसाच्या तसा छापला तर पत्ते गोळा करत फिरणारे प्रोग्राम तो उचलतात आणि थोड्याच दिवसांत कचरा-ईमेल सुरू होतात. दोन उपाय आहेत: संपर्काचा फॉर्म लावा, किंवा पत्त्यातलं चिन्ह काढून तिथे ‘ॲट’ असा शब्द लिहा. दुसऱ्या उपायाने कचरा पूर्ण थांबत नाही, कमी होतो. फॉर्म लावलात तर स्वतःच एक निरोप पाठवून पाहा. फॉर्ममधून गेलेली पत्रं स्पॅमच्या कप्प्यात पडून राहणं ही नेहमीची रड आहे, आणि वाचकाला वाटतं तुम्ही उत्तरच देत नाही.

फोटो

फोटो असलाच पाहिजे असं नाही. असेल तर चेहरा नीट दिसणारा, उजेडात काढलेला, सहाशे ते आठशे पिक्सेल रुंदीचा आणि शंभर किलोबाइटच्या आसपास आणलेला. फोनमधून थेट चढवलेला फोटो चार-पाच मेगाबाइटचा असतो; तालुक्याच्या गावी नेटवर्क अडखळतं तेव्हा पान उघडेपर्यंत वाचक निघून जातो.

दुसरी बाब जास्त महत्त्वाची. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदले जातात. घराच्या गच्चीवर काढलेला फोटो म्हणजे मग घराचा पत्ताच. चढवण्यापूर्वी ती माहिती काढा. काहीच जमलं नाही तर फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो वापरा. त्यात मूळ ठिकाण येत नाही.

चेहरा दाखवायचा नसेल तर कामाचं चित्र लावा: मोजपट्टी धरलेला हात, वहीचं पान, पायऱ्यांवरची सावली. इंटरनेटवरून उचललेला सूर्यास्त नको. आणि अंध वाचकांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीनरीडरसाठी चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारी ओळ द्या, मराठीत.

पान चढवताना होणारे घोटाळे

सर्वांत जास्त गोंधळ पानाच्या पत्त्यात होतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तासकट, युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकी संकेताच्या) यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि वेबपत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. ‘माझ्याविषयी’ या शब्दात अकरा चिन्हं आहेत: म, काना, झ, हलन्त, य, काना, व, वेलांटी, ष, य, वेलांटी. अकरा नव्वे नव्याण्णव. लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की ही नव्याण्णव अक्षरांची टक्केवारी शेपटीसारखी लोंबते आणि लोक तिला व्हायरस समजतात. वर्डप्रेसवर पत्त्याच्या या तुकड्याला दोनशे अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे लांब मराठी मथळा मध्येच तुटतो. उपाय असा की मथळा मराठीत ठेवा आणि पत्त्यात रोमन लिपीतला एक छोटा शब्द.

ब्लॉगरवर याची उलटी तऱ्हा आहे. तिथे मथळा देवनागरीत असेल तर पत्ता बनवताना ती अक्षरं गाळली जातात आणि पानाला ‘ब्लॉग-पेज’ असा बिनचेहऱ्याचा पत्ता मिळतो. म्हणून आधी मथळ्यात रोमन लिपीत ‘अबाउट’ लिहा, पान प्रकाशित करा, मग पुन्हा उघडून मथळा मराठी करा. पत्ता पहिलाच राहतो. हा क्रम चुकला तर पान काढून नव्याने करणं सोपं पडतं.

ब्लॉगरवर आणखी एक गोष्ट लोकांना सापडत नाही. ‘पेजेस’मध्ये जाऊन पान बनवलं तरी ते ब्लॉगवर आपोआप दिसेलच असं नाही. ‘लेआउट’मध्ये जाऊन ‘पेजेस’ हे गॅजेट जोडावं लागतं आणि त्यात आपल्या पानापुढे खूण करावी लागते. ‘पेज’ऐवजी चुकून ‘पोस्ट’ म्हणून लिहिलं असेल, तर नवे लेख येतील तसं ते खाली खाली जाऊन गडप होतं.

वर्डप्रेस नव्याने बसवलं की त्यात ‘सॅम्पल पेज’ नावाचं नमुन्याचं पान येतं. त्यात लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या, दिवसा सायकलवरून निरोप पोचवणाऱ्या आणि नट व्हायची स्वप्नं बघणाऱ्या माणसाची ओळख असते. अनेकांच्या ब्लॉगवर हा पाहुणा वर्षानुवर्षं तसाच मुक्काम ठोकून असतो. आधी त्याला निरोप द्या.

मजकूर डीटीपीवाल्याकडून घेतलेला असेल तर तो बहुधा युनिकोडमध्ये नसतो. चिकटवला की अक्षरांचा चिवडा होतो. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार यांत हमखास चुका होतात. तीनशे शब्द नव्याने टंकलेले बरे. टंकतानाही ‘पायऱ्या’ या शब्दाकडे लक्ष असू द्या. साधा ‘र’ घेतला तर रफार वर चढून ‘पायर्या’ होतं. त्यासाठी नुक्त्याचा ‘ऱ’ घ्यावा लागतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर तो शिफ्ट दाबून ‘र’च्याच कळीवर मिळतो.

ब्लॉगच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी ठेवा, हिंदी किंवा इंग्रजी नको. ज्या फाँटमध्ये तशी सोय आहे त्यात मग ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात, आणि स्क्रीनरीडरलाही कोणत्या भाषेत वाचायचं ते कळतं.

मेनूतल्या नावाचा फार विचार करू नका. ‘माझ्याविषयी’, ‘माझ्याबद्दल’, ‘ओळख’ यांतलं काहीही चालतं. ‘अंतरंग’, ‘गवाक्ष’, ‘उंबरठा’ अशी काव्यमय नावं दिली तर वाचकाला तो कवितांचा विभाग वाटतो.

शिळं होऊ नये म्हणून

‘गेली तीन वर्षे लिहितोय’ हे वाक्य पुढच्या वर्षी खोटं ठरतं. ‘२०२२ पासून लिहितोय’ हे कायम खरं राहतं. वय, मुलांच्या इयत्ता, ‘नुकतंच’, ‘लवकरच’ यांनाही हाच न्याय लावा. ‘लवकरच पुस्तक येत आहे’ असं पाच वर्षांपूर्वी लिहिलेलं पान पाहून वाचकालाच अवघडल्यासारखं होतं.

बदलती माहिती लिहायची हौस असेल तर तिच्यासाठी वेगळं पान करा. अमेरिकी उद्योजक आणि लेखक डेरेक सिव्हर्स यांनी २०१५ मध्ये ‘नाऊ’ पानाची प्रथा रुजवली: सध्या मी काय करतोय, एवढंच सांगणारं आणि तारीख टाकलेलं पान. मराठीत त्याला ‘सध्या’ म्हणता येईल. परदेशातल्या मराठी ब्लॉगरांना ते विशेष सोयीचं पडतं, कारण शहर आणि नोकरी बदलली तरी मुख्य ओळख तशीच राहते. पण दोन-तीन महिन्यांनी त्याला हात लावायची तयारी नसेल तर ते सुरूच करू नका.

मूळ पानाच्या तळाशी ‘शेवटचा बदल’ म्हणून महिना आणि वर्ष टाका, आणि पाडव्याला व दसऱ्याला ते एकदा उघडून पाहा. बदलायचं काही नसलं तरी लिंका तपासा; एखादी मेलेली असतेच.

सगळं झालं की ब्लॉग न वाचणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या फोनवर पान उघडून द्या. अर्ध्या मिनिटाने फोन परत घ्या आणि विचारा, ‘‘मी कशावर लिहितो?’’ उत्तर बरोबर आलं तर प्रत्येक लेखाच्या शेवटी या पानाची लिंक लावा. ‘‘छान लिहिलंय’’ असं उत्तर आलं तर पहिले पन्नास शब्द पुन्हा लिहायला घ्या.